खांद्यावरून गेलेल्याचं नाव

आमच्या कुंपणापलीकडं वासू राहतो. त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचे म्हणजे मला जडच जातं, कारण आजवर मी त्याची फक्त थट्टाच केली आहे आणि त्यालाही तिची सवय होऊन गेली आहे. त्याच्या झाडाची सुपारी माझ्या अंगणात पडली की मी ती परत देत नाही. माझ्या कोंबड्या त्याच्या कणगराच्या कंदांच्या वाफ्यात शिरल्या की तो मला ऐकू जाईल अशा बेतानं बायकोला सांगतो, "राजेश्वरी, रातच्याला रस्सा कर." असा आमचा घरोबा.

वासूची मान डावीकडं कललेली आहे. नव्या माणसाला वाटतं, हा आपलं बोलणं फार मन लावून ऐकतोय. तसं काही नाही. उजव्या खांद्यावर वेळूचा दांडा घेऊन घेऊन ती मान आता उजवीकडं जायलाच तयार नसते. मी त्याला सांगतो, तुझा फोटो काढायचा तर फोटोवाल्यालाच वाकडं उभं करावं लागंल. तो हसत नाही. म्हणतो, "तू काढून घे तुझा, पोट मावलं तर."

आमची वाडी नंदिगड्ड्याच्या पुढं, आत रानात. वाडीपर्यंत गाडी येत नाही. रान वाघांचं, त्यामुळं रस्त्याला परवानगी नाही. वाघांना विचारलं तर ते देतील, पण त्यांना विचारत कोणी नाही. डांबरी रस्ता गाठायचा तर आधी एक खडी दरड उतरायची, मग व्हाळाच्या पाण्यावर टाकलेला लाकडी साकव, मग पुन्हा चढ. धडधाकट माणूस गाणी म्हणत जातो. आजारी माणसाला न्यायचं तर घोंगडीची झोळी दांड्याला बांधतात, एकजण पुढं, एकजण मागं, आणि खांदा बदलायला एखाददुसरा बरोबर. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स थांबते आणि माणूस जोयड्याच्या दवाखान्यात जातो.

हे काम करणाऱ्यांचं रामलिंग सेवा मंडळ आहे. देवळाच्या भिंतीवर तसा बोर्डसुद्धा आहे. लोक मात्र झोळी मंडळच म्हणतात. पैसे कोणी घेत नाही. अध्यक्ष गुणा, साठी ओलांडलेला. गुणाचं बोलणं ऐकायचं असेल तर नांगराच्या वेळी त्याच्या बैलांजवळ जाऊन उभं राहावं, माणसांशी तो फारसं बोलत नाही. त्याच्या खालोखाल वासू, आणि मग महाबळेश्वर. मी मंडळात नाही. माझी भाताची गिरण आहे आणि माझं वजन आहे. पण पाण्याचा कॅन घेऊन मी बरोबर जातो, आणि सपाटीवर थोडा वेळ खांदाही देतो. ते लोक सपाटी संपण्याआधीच दांडा परत मागून घेतात, ही गोष्ट वेगळी.

मंडळाचं दुखणं एकच होतं. नवा माणूस यायचा, एक खेप करायचा, आणि पुन्हा दिसायचा नाही. गुरुदास आला, एक खेप केली, मग त्याची पाठ दुखायला लागली. तोच गुरुदास माझ्या गिरणीत भाताचं पोतं एकट्यानं उचलून ठेवतो. अनिकेत आला, एक खेप केली, आणि पुढच्या हप्त्यात गोव्याला हॉटेलात कामाला लागला. चवथीला नाही, शिमग्याला नाही. त्याची आई वाट बघून दार लावून घ्यायची. गुणा म्हणायचा, आताच्या माणसांत दम न्हाई. महाबळेश्वर म्हणायचा, जळवांना भितात. मी म्हणायचो, गुणाच्या तोंडाला भितात. वासू काहीच म्हणायचा नाही. त्याचा खांदा आता पार गेला होता, डॉक्टरनं दांडा बंद करायला सांगितलं होतं. तिसरा माणूस टिकला नाही तर झोळी कोण उचलणार, ही काळजी त्याला खात होती. हे मला त्यानं सांगितलं नाही. राजेश्वरीनं माझ्या बायकोला सांगितलं, आणि आमच्या घरात गोष्ट आली म्हणजे ती वाडीभर गेलीच.

आता इथला एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सगळीच माणसं रस्त्यापर्यंत पोचत नाहीत. झोळीत जीव गेला, तर ज्यांनी वाहिला त्यांनी बाराव्यापर्यंत त्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. कुठून नेलं, कसं नेलं, कुठं काय झालं, अवाक्षर काढायचं नाही. वाहणाऱ्यानं हाक मारली तर गेलेला पुढं जायचं सोडून त्याच वाटेनं परत फिरतो, असं म्हणतात. देह घरी पोचवला की सगळ्यांनी व्हाळावर जायचं, एकमेकांकडं पाठ करून अंघोळ करायची आणि ज्याच्या त्याच्या वाटेनं न बोलता घरी जायचं. बाराव्यानंतर बोलायला मुभा असते. पण तोवर कोणाचं भात कापायला आलेलं असतं, कोणाची गाय व्यालेली असते. कोण कशाला उकरून काढतो.

एका वर्षी माघात उळवीच्या जत्रेला वासू आणि मी गेलो होतो. दर्शन झालं, आणि मिरची-मंडक्की, म्हणजे मिरचीची भजी आणि चुरमुरे, खायला एका मांडवात बसलो, तर समोर अनिकेत. आईचा नवस होता म्हणून आला होता, घरी न जाता तिथूनच परत फिरायच्या बेतात. मी लागलो त्याची फिरकी घ्यायला. म्हटलं, गोव्यात मासे खाऊन गाल वर आलेत, पण आमच्या झोळीत अजून मावशील तू. एरवी हा उलट बोलणारा माणूस. त्या दिवशी हातातली मंडक्की त्यानं खाली ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वासूला म्हणाला,

"काका, माझा पाय घसरला म्हणूनच सुशीलाअक्का गेली न्हवं?"

मांडवात शेजारी कोणी तरी कन्नडमध्ये भज्यांवरून भांडत होतं.

सुशीला म्हणजे खालच्या घरची. ताप डोक्यात चढला होता. श्रावणातला पाऊस, आणि अनिकेतची ती पहिलीच खेप. साकव ओलांडून वर चढताना शेवाळलेल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि झोळी खाली आदळली. रस्त्यावर पोचलो तेव्हा बाई गेलेली होती. मग परत घरी, मग व्हाळ, मग सगळ्यांच्या पाठी. अनिकेतला रिवाज पुरा कोणी सांगितलाच नव्हता. नाव घ्यायचं नाही एवढं त्याला ठाऊक होतं. पण त्या पाठी बघून त्याला वाटलं, ह्या माणसांना सगळं कळलंय आणि आपलं तोंड बघायची त्यांची इच्छा नाही.

"अरे लेकरा," वासू म्हणाला, "साकवाच्या अलीकडंच गेली हुती ती. तिचा हात माझ्या हातात हुता. तुमचे पाय गळतील म्हणून बोललो न्हाई मी. तुझा पाय घसरला तवा झोळीत कोण न्हवतंच."

अनिकेत उठून मांडवाच्या मागं गेला आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला. मी भज्यांचे पैसे दिले. मी पैसे दिले आणि त्यावर कोणी काही बोललं नाही, ह्यावरून काय ते समजा.

परतीच्या बसमध्ये वासू खिडकीकडं बघत बसला होता. नंदिगड्डे जवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "एक वाक्य हुतं रे. माझ्याजवळच हुतं."

त्यानंतर तो गुरुदासकडं गेला. गुरुदासच्या पाठीची चौकशी केली, चहा घेतला, आणि सरळ विचारलं. गुरुदासनं आधी पाठीवर हात ठेवला, मग काढला. त्याची गोष्ट वेगळी नव्हती. त्याच्या खेपेला झोळीतली म्हातारी चढावरच गेली होती, आणि त्याच्या मनात होतं की मी दम खायला दोनदा थांबलो म्हणून उशीर झाला. दम तर सगळेच खात होते. पण माणसाला आपलंच थांबणं लक्षात राहतं.

वासूनं देवळाच्या पायरीवर गुणाजवळ विषय काढला. म्हणाला, नव्या माणसाला त्याच दिवशी, तिथंच, दोन शब्द सांगितले पाहिजेत. गुणा सुपारी कातरत होता. त्यानं कातरणं थांबवलं नाही. थोरल्यांनी घालून दिलेलं आहे, आपण मोडायचं नाही, एवढंच म्हणाला. वासूनं हुज्जत घातली नाही, कारण खरं सांगायचं तर त्याचाही त्या रिवाजावर विश्वास होता. राजेश्वरीचा तर इतका, की नुसता विषय काढून आला म्हणून तिनं त्याच्यावरून मीठमिरची ओवाळून टाकली.

पावसाळा सरता सरता विनोद वाडीत परत आला. हा आधी दांडेलीकडं लॉरी चालवायचा. बाप थकला तेव्हा सुपारीची बाग बघायला आला, बायको सुनयनाला घेऊन. खांदे रुंद, बोलणं कमी. वासूनं त्याला हेरलं. पण ह्या वेळी त्यानं थेट झोळीला लावलं नाही. आधी रिकाम्या दांड्यानं वाट दाखवली: कुठला दगड हलतो, कुठं मागच्यानं आवाज द्यायचा, खांदा बदलताना आधी कोणी सोडायचं. गुणाला हे थेर वाटले. वाटेनं चालायला शिकवायचं काय असतं, म्हणाला.

मग झोळीत माणूस घालून बघायची वेळ आली, आणि वासूच्या कललेल्या मानेखालचे डोळे माझ्यावर येऊन थांबले. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. तो म्हणाला, "म्हणून तर." महाबळेश्वर पुढं, विनोद मागं, आणि घोंगडीत मी. दरडीवर माझं बूड दोनदा दगडाला लागलं. मी इतक्या शिव्या घातल्या की वरच्या घरातल्या बायका बघायला बाहेर आल्या. साकवावर महाबळेश्वर म्हणाला, हे भाताचं पोतं बोलतंय कसं. वासू सगळ्या वाटेत विनोदच्या शेजारून चालला, एक हात झोळीवर ठेवून. खाली पोचल्यावर त्यानं विनोदला दगड दाखवले, माझं बूड दाखवू दिलं नाही, आणि म्हणाला, "बघ, पाय सगळ्यांचाच घसरतो. ह्यो मेला का?" त्यावर मी मरायला टेकलोय असं सांगून बघितलं. कोणी ऐकलं नाही.

आश्विनात परशुरामआजाची छाती भरून आली. वर्षभर तो खोकत होता. माझ्या गिरणीत येऊन बसायचा आणि कोंडा नाकात जातो म्हणून मलाच शिव्या द्यायचा. त्या सकाळी त्याला श्वास पुरेना. झोळी निघाली. दरडीच्या वरच्या अंगाला महाबळेश्वर पुढं आणि विनोद मागं, गुणा बदलीला, वासू शेजारी, मी पाणी घेऊन. दरडीच्या मध्यावर विनोदचा पाय सरकला आणि झोळी एका मुळाला आपटली. विनोदनं सावरलं. आतून आजा म्हणाला, "हळू रे, मी काय नारळ हाय?" मी हसलोसुद्धा. दरडीखाली गुणानं विनोदचा खांदा घेतला. साकवाच्या अलीकडं वासूनं हात वर केला आणि झोळी खाली ठेवायला सांगितली. त्याच्या हाताकडं बघूनच आम्हांला कळलं.

देह घरी नेऊन ठेवला. त्याच्या माणसांचं रडणं सुरू झालं आणि आम्ही व्हाळावर आलो. ऊन लख्ख होतं. गुणानं पाठ केली, महाबळेश्वरनं पाठ केली. मीही केली, पण माझी मान मागं वळते, ती काही वासूसारखी बिघडलेली नाही. विनोद पाण्यात उतरलाच नव्हता. दगडावर बसून स्वतःच्या पायांकडं बघत होता. इतकी वर्षं लॉरी चालवलेला माणूस. गाडीला काही झालं तर लोक आधी ड्रायव्हरला शोधतात, हे त्याला शिकवायला नको होतं.

वासू कमरेइतक्या पाण्यात होता. तो बाहेर आला, ओल्यानंच विनोदच्या शेजारी बसला. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला भीती वाटली. मी थट्टेखोर आहे, पण त्या रिवाजाच्या बाहेरचा नाही.

"विनोद," तो म्हणाला, "परशुराम गेला त्यो कसा गेला ते सांगतो. ऐक."

गुणाची पाठ ताठ झाली.

"तुझा पाय सरकला त्याच्यामागनं त्यो बोलला. तू ऐकलंस. दरडीखाली माझ्याकडं पाणी मागितलं. मी दिलं, त्यो प्याला. साकवाजवळ माझ्या हातात त्याचा हात ढिला पडला. तवा दांडा गुणाच्या आणि महाबळेश्वरच्या खांद्यावर हुता. त्यांनी न्हाई मारलं, तू न्हाई मारलं. त्याची छाती संपली हुती."

विनोद म्हणाला, "आपटली हुती झोळी."

"आपटली. माझा पाय तर मोकळा चालताना सरकला. गुणाचा दरडीच्या पायथ्याला सरकला. तुला तुझाच दिसला."

गुणा वळला. त्याचं अंग पाण्यानं निथळत होतं. "वासू, नाव घेतलंस तू."

"घेतलं. माघारी फिरला तर माझ्या दारात येऊ दे. तुझ्या न्हाई, आणि ह्याच्या तर न्हाईच न्हाई."

"मग मंडळ बी तुझ्याच दारात बांध. मला बोलवू नगंस." गुणानं टॉवेल उचलला आणि गेला.

संध्याकाळच्या आधी वासू विनोदच्या घरी जाऊन बसला. सुनयनाला सगळं सांगितलं, म्हाताऱ्या बापालाही सांगितलं. म्हणाला, दोन-चार दिवस हा गप्प राहील, जेवण टाकील, त्याला टोचून बोलू नका, गरम पेज द्या, बागेत एकटं सोडू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. मी कुंपणावरून विचारलं, काय रे, विनोदला सोयरा करून घेतोस काय. पण माझं मलाच ते बोलणं चाललं नाही. कारण वासूच्या उंबऱ्याबाहेर पाण्यानं भरलेला तांब्या होता. रोज सकाळी तो पाणी बदलायचा. राजेश्वरी दारात उभी राहून त्याच्याकडं बघायची, बोलायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आलाच तर तहानलेला येईल." त्याची ही थट्टा नव्हती. तो खरंच वाट बघत होता आणि खरंच घाबरलेला होता. बाराव्यापर्यंत रोज तो दिवसाउजेडी कामं उरकायचा, दाराकडं तोंड करून जेवायचा. परशुरामआजा आला की नाही मला माहीत नाही. मी तरी बघितला नाही, आणि मी सगळं बघत असतो.

ह्या मधल्या दिवसांतच वरच्या घरची सून रेश्मा हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून अवकाश होता. तिचा नवरा रेंज मिळते त्या टेंबावर धावत जाऊन ॲम्ब्युलन्सला फोन करून आला आणि मग वासूच्या दारात उभा राहिला. घोंगडीची गाठसुद्धा त्याला धड मारता येईना. त्याला दांड्याला लावणं शक्य नव्हतं.

झोळी बांधली. महाबळेश्वर आला. वासूनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पोटाकडं बघितलं, आणि टॉवेलाची घडी स्वतःच्याच उजव्या खांद्यावर ठेवायला लागला. डॉक्टरनं काय सांगितलं होतं ते मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. वाटेकडं त्यानं बघितलं नाही, मी बघत होतो. विनोद येईल की नाही, एवढाच प्रश्न होता. तो आला नसता तर वासूनं दरड उतरली असती, पण खांदा तिथंच राहिला असता, आणि झोळीही.

विनोद बागेतून आला, पायात चिखल, कमरेला कोयता तसाच. त्यानं वासूच्या खांद्यावरची घडी उचलली आणि आपल्या खांद्यावर ठेवली.

दोघं झाले. तिसरा नव्हता. दोघांनी चढापर्यंत खांदा न बदलता जायचं म्हणजे कठीणच. आम्ही निघालो. देवळाजवळ आलो तर पायरीवर गुणा उभा होता. वासूकडं त्यानं बघितलं नाही. महाबळेश्वरला म्हणाला, "दरडीवर पुढं मी. तू बदलीला चल."

रेश्मा शुद्धीवर होती. नवऱ्याला, सासूला आणि वाघांच्या सरकारला सारख्याच आवाजात शिव्या देत होती. मला फार बरं वाटत होतं. दरडीच्या मध्यावर, ओल्या मातीत, गुणाचा पाय गेला. त्याचा गुडघा खाली टेकला, पण दांडा त्यानं दोन्ही हातांनी वर धरला आणि मागून विनोदनं आवाज दिला, "थांबलो, थांबलो, घ्या सावकाश." गुणा उठला. गुडघ्यातून रक्त येत होतं. रेश्मा म्हणाली, मला खाली ठेवा, मी चालत जाते, तुमच्यापेक्षा बरी चालीन. साकव पार झाला, चढ झाला, रस्ता आला. गाडी थांबलेलीच होती. तिला आत ठेवलं. दार लागेपर्यंत तिचं बोलणं चालू होतं.

परतताना व्हाळावर आम्ही पाणी प्यायला थांबलो. गुणा गुडघा धूत होता. धुऊन झाला तरी पाणी मारतच राहिला. मग वर न बघता म्हणाला,

"वासू, माझी पहिली खेप मारुतीची हुती. त्या दरडीवरच माझा गुडघा टेकला. खाली आलो तवा मारुती गेलेला. आधीच गेला हुता का रे?"

मी गुणाला लहानपणापासून ओळखतो. त्यानं कोणाला प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नव्हता. मारुतीला नेलं तेव्हा वासू आणि मी पोरं होतो. त्या खेपेतले बाकीचे सगळे केव्हाच गेले.

वासूला खोटं बोलता आलं असतं. मी असतो तर बोललो असतो.

"मी न्हवतो, दादा," तो म्हणाला. "मला ठाऊक न्हाई. आता सांगणारं कोण उरलं न्हाई."

गुणानं मान हलवली, जणू त्याला हे आधीपासून माहीत होतं. तो उठायला लागला. तेव्हा विनोद बोलला.

"गुणाकाका, आज बी तुमचा गुडघा टेकला. त्याच दरडीवर. आणि ती गाडीत बसून शिव्या देत गेली."

गुणा अर्धवट उठलेला तसाच थांबला. त्यानं आपल्या गुडघ्याकडं बघितलं, मग विनोदकडं. पुन्हा खाली बसला. महाबळेश्वरनं पाण्याचा कॅन त्याच्याकडं सरकवला. त्यानं तो घेतला, पण प्याला नाही, नुसता धरून बसला.

मग म्हणाला, "मारुती लई चेष्टेखोर हुता. झोळीत बसताना मला म्हणाला, गुण्या, टाकलास तर भाडं देणार न्हाई."

आणि तो सांगत राहिला. मारुती बैल कसा हाकायचा, त्याचं ढोल वाजवणं कसं होतं, त्याच्या घोंगडीला विडीचा वास कसा यायचा. गुणा इतकं बोलू शकतो हे त्याच्या बैलांनाही ठाऊक नसावं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. ऊन डोक्यावर आलं, वाडीत प्रत्येकाचं काम पडलं होतं. विनोद त्याच्या शेजारी बसून ऐकत होता, आणि मधूनमधून विचारत होता, मग काय झालं काका, मग.